डेव्हऑप्स आलं आणि सगळं काम दोन सीनियरच्या गळ्यात पडलं: आधी काय बदलायचं?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तपशिलाशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं मांडतो.

केळी आणि कडधान्याच्या व्यापाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. काट्याची पावती, गाडीचा हिशेब, शेतकऱ्याचं पेमेंट असं काम चालतं. टीम ११ जणांची: २ सीनियर, ६ जण दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे, ३ अगदी नवे, बांभोरी-फैजपूरच्या कॉलेजांतून आलेले. स्प्रिंग बूटच्या (जावा) ९ सेवा, प्रत्येकीचे २ पॉड (म्हणजे चालू प्रती), ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या मॅनेज्ड कुबरनेटीस क्लस्टरवर (पॉड चालवणारी यंत्रणा). पोस्टग्रेस डेटाबेस एकच, वेगळ्या व्हीएमवर आम्हीच चालवतो. डेव्हऑप्स म्हणतात (कोड लिहिणाऱ्या टीमनेच तो ऑटोमेशनने चालवायचा) त्याची साधनं सगळी आहेत: बिल्ड-डिप्लॉयला गिटहब ॲक्शन्स, क्लाउडची मांडणी कोडमध्ये ठेवायला टेराफॉर्म, कुबरनेटीसवर सेवा बसवायला हेल्म, देखरेखीला प्रोमिथियस आणि ग्राफाना.

प्रत्यक्षात पाइपलाइन (कोडपासून डिप्लॉयपर्यंतच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) दोघा सीनियरनीच लिहिल्या. प्रॉडक्शनची परवानगी त्या दोघांकडेच. टेराफॉर्म त्यांतल्या एकाच्या लॅपटॉपवरून चालतं. अलर्ट सगळे एका ग्रुपमध्ये पडतात आणि बाकीचे 'दादा बघतील' म्हणून थांबतात. बिल्ड अडकलं, पॉड पडला, सर्टिफिकेट संपलं, की फोन त्यांनाच. इतरांच्या पुल रिक्वेस्ट (तपासून मुख्य कोडात घ्यायचे बदल) दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहतात. काट्याच्या मशीनमधून वजन थेट पावतीत घ्यायचं मोठं काम पुढेच ढकललं जातंय, कारण ते डिझाइन करू शकणारे दोघं दिवसभर तुकड्या-तुकड्यांत अडकलेले असतात.

मालक विचारतात, ऑटोमेशन झालं ना, मग सीनियर मोकळे का होत नाहीत? प्रश्न रास्त आहे. नवा माणूस घ्यायचा तर पुण्याहून इकडे यायला कोणी तयार होत नाही, आणि इथला शिकला की पुण्याला जातो.

मला हवंय ते एवढंच: आहे त्या ११ जणांत सुरुवात कुठून करायची, ऑन-कॉलची (बिघाड झाला तर फोन उचलायची) पाळी कशी लावायची आणि मालकांसमोर काय मांडायचं?

---

तापी_पूर्णा (भुसावळ)

भाऊ, 'प्रॉडक्शनची परवानगी त्या दोघांकडेच' हे तुमचं वाक्य बाकी सगळ्याचं मूळ आहे. साधनं टीमला दिली, पण हक्क आणि जबाबदारी दोघांच्याच खिशात राहिली. त्यामुळे जेवढं ऑटोमेशन वाढेल तेवढं त्यांचंच काम वाढणार. पाइपलाइन, हेल्म चार्ट, टेराफॉर्म, अलर्टचे नियम हे सगळं मिळून तुमचं दहावं सॉफ्टवेअर आहे. त्याला मालक नाही, स्प्रिंटमध्ये तास नाहीत, म्हणून ते सीनियरचे तास खातं.

काही बदलण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. साधी शीट पुरते: वेळ, कोणी विचारलं, काय हवं होतं, किती मिनिटं गेली आणि शेवटचा रकाना 'दुसरं कोणी का केलं नाही'. त्या रकान्यात तीनच उत्तरं चालतील: परवानगी नव्हती, माहिती नव्हती, भीती वाटली. नोंद सीनियरनी करायची नाही, विचारणाऱ्याने करायची, नाहीतर तेही एक काम त्यांच्यावरच पडतं. परवानगीच्या नोंदी सगळ्यात लवकर संपतात, म्हणून तिथून सुरू करा.

आधी कोडओनर्स फाइल (कुठल्या फोल्डरचा रिव्ह्यू कोणाकडे जातो त्याची यादी) उघडून बघा. बहुतेक ठिकाणी त्यात तारकेची (म्हणजे 'सगळ्या फाइल') एकच ओळ असते आणि पुढे दोन सीनियरची नावं. म्हणजे बटणाचा रंग बदलला तरी रिव्ह्यू त्यांच्याकडेच जातो. तारकेपुढे पूर्ण टीम लिहा. सीनियर फक्त तीन फोल्डरवर ठेवा: पेमेंटची गणितं, डेटाबेस मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) आणि टेराफॉर्म. या फाइलमध्ये खाली लिहिलेली जुळणारी ओळ लागू होते, त्यामुळे तारकेची ओळ सगळ्यात वर हवी. ती खाली गेली तर वरच्या तिन्ही ओळी निकामी होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

डिप्लॉयच्या मंजुरीसाठी गिटहबमध्ये एन्व्हायर्नमेंटला रिव्ह्यूअर लावता येतात, पण खासगी रेपोसाठी ती सोय एंटरप्राइझ प्लॅनमध्येच मिळते. टीम प्लॅन असेल तर त्याच्या मागे लागू नका. मुख्य ब्रँच संरक्षित करा, एकाची मंजुरी सक्तीची करा आणि मर्ज झालं की डिप्लॉय होऊ द्या. मंजुरी एकदाच आणि कोड डोळ्यांसमोर असताना. वेगळी 'डिप्लॉय करू का?' ही पायरी ठेवली की तिथे पुन्हा सीनियरच उभा राहतो.

टेराफॉर्म लॅपटॉपवरून बंद करा. स्टेट फाइल (काय काय उभं आहे त्याची नोंद) ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजवर ठेवा आणि एका वेळी एकानेच बदल करावा म्हणून लॉक चालू करा. टेराफॉर्म १.११ पासून एस-थ्रीचं स्वतःचं लॉक वापरता येतं, त्यासाठी डायनॅमो डेटाबेसची वेगळी टेबल लागत नाही. पुल रिक्वेस्टमध्ये टेराफॉर्मचा प्लॅन (काय बदलणार त्याची यादी) आपोआप छापला जावा आणि मर्जनंतर अप्लाय (प्रत्यक्ष बदल) पाइपलाइनमधूनच व्हावं. ॲमेझॉनची कायमची की कुठेही ठेवू नका. गिटहबला ओआयडीसीने (कायमच्या कीऐवजी ओळखीच्या टोकनने) तात्पुरता रोल द्या आणि त्या रोलच्या अटीत रेपो आणि ब्रँच दोन्ही लिहा. ब्रँच लिहायची राहिली तर कुठल्याही ब्रँचवरून प्रॉडक्शन बदलता येतं.

नऊ सेवांच्या नऊ पाइपलाइन असतील तर एक सामाईक वर्कफ्लो करा आणि प्रत्येक सेवेत त्याला हाक मारणाऱ्या १५-२० ओळी ठेवा. हाक मारताना टॅग द्या, मुख्य ब्रँचचं नाव नको. नाहीतर सामाईक फाइलमध्ये एक चूक झाली की नऊच्या नऊ सेवांचं डिप्लॉय एकदम बंद पडतं, आणि ते सोडवायला पुन्हा तेच दोघं.

भीतीवर उपाय एकच, रोलबॅक, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाणं. त्यासाठी हाताने सुरू करता येणारा वर्कफ्लो बनवा. त्यात सेवेचं नाव आणि आवृत्ती निवडली की काम झालं पाहिजे. तो मोबाइलवरच्या ब्राउझरमधूनही चालायला हवा. इमेजला (सेवेच्या तयार पॅकेजला) 'लेटेस्ट' टॅग लावत असाल तर आजच थांबवा आणि कमिटचा हॅश (कोडच्या त्या बदलाचा ओळख क्रमांक) लावा. 'लेटेस्ट'वर मागे जायचं म्हणजे कुठे जायचं हेच ठरत नाही. हेल्म मुळात शेवटच्या १० आवृत्त्या जपून ठेवतं, त्या पुरतात. हेल्मने मागे गेलात तरी डेटाबेस मागे जात नाही, हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

आणि सराव करा. आठवड्यातून एकदा, दुपारी, गर्दी नसताना, सहांपैकी एकाने एका सेवेचं रोलबॅक करून परत पुढे यायचं. सीनियरने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. हे चार-पाच जणांचं झालं की 'दादा बघतील' आपोआप कमी होतं.

---

शेवभाजी_धुळे

वरचं सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. ११ माणसं, एक डेटाबेस आणि नऊ सेवा कशासाठी? आणि त्यावर कुबरनेटीस कशासाठी?

हिशेब बघा. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. म्हणजे वर्षातून निदान एकदा अपग्रेड सक्तीचं. ते पुढे ढकललं तर ॲमेझॉन क्लस्टरचा दर तासाला ०.१० डॉलरवरून ०.६० डॉलर करतं. महिन्याचे ७३ डॉलर ४३८ होतात, मशीनचं भाडं वेगळंच. अपग्रेड करायचं तर इनग्रेस (बाहेरच्या विनंत्या आत घेणारा भाग), सीएसआय ड्रायव्हर (डिस्क जोडणारा), काढून टाकलेले एपीआय सगळं तपासावं लागतं. हे काम कोण करतं? सीनियरच करतात, आणि त्यातून एकाही व्यापाऱ्याची पावती लवकर निघत नाही.

दुसरं. स्प्रिंग बूटमध्ये हिकारीचा कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघड्या ठेवलेल्या जोडण्या) काही न बदलता १० चा असतो. ९ सेवा, २ पॉड, १० कनेक्शन म्हणजे १८०. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. वरची मर्यादा कोणीतरी वाढवली असणारच, आणि का वाढवली हे कुठेही लिहिलेलं नसणार.

माझा सल्ला: नऊच्या तीन सेवा करा. पावती आणि हिशेब एक, पेमेंट दुसरी, रिपोर्ट तिसरी. एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एकत्र राहू द्या. त्या तीन सेवा ईसीएस फारगेटवर (ॲमेझॉनच कंटेनर चालवतं ती सेवा) चालवा. पॉड पडला तर पुन्हा उभा करणं, रोलिंग डिप्लॉय (जुन्या प्रती एकेक करून बदलणं), लोड बॅलन्सर सगळं तिथे मिळतं आणि क्लस्टर अपग्रेड नावाचं काम उरत नाही. डेटाबेस मॅनेज्ड सेवेवर न्या. बॅकअप, पॅच आणि फेलओव्हर हाताने करणं हे या आकाराच्या टीमचं काम नाही.

---

तापी_पूर्णा (भुसावळ)

डेटाबेस मॅनेज्ड सेवेवर नेण्याबद्दल शंभर टक्के मान्य. नऊच्या तीन करणंही योग्य, पण आत्ता नको. ते स्थलांतर परत त्याच दोघांच्या तासांवर पडेल, आणि ते तास तर आधीच नाहीत. आधी आठवड्यातले काही तास मोकळे होऊ देत, मग एकेक सेवा उचला.

पूलची दुरुस्ती मात्र आजच होते. प्रत्येक पॉडला ४ करा: १८ पॉड, ७२ कनेक्शन. रोलिंग डिप्लॉयमध्ये २ पॉडच्या सेवेला एक जादा पॉड तात्पुरता उभा राहतो, म्हणजे एका वेळी एकच सेवा डिप्लॉय केली तर ७६. नऊही एकदम केल्या तर २७ पॉड, १०८ कनेक्शन, आणि राखीव सोडून ९७ च उपलब्ध. शेवटच्या काही पॉडना कनेक्शन मिळत नाही, ते पडतात, पुन्हा उठतात, पुन्हा पडतात. म्हणून गिटहबमध्ये काँकरन्सी ग्रुप लावा आणि एका वेळी एकच डिप्लॉय ठेवा. एकच सेटिंग आहे, पण 'डिप्लॉय केलं की कधीकधी पडतं' ही तक्रार मुळापासून जाते.

---

गिरणाकाठ (जळगाव)

पूलचं अगदी बरोबर निघालं. मर्यादा ३०० केलेली आहे आणि कारण कुठेही लिहिलेलं नाही. कोडओनर्समध्येही तारका आणि दोन नावं, तीच ओळ. दोन्ही उद्या बदलतो.

आता ऑन-कॉलचं सांगा. काट्याच्या पावत्यांची गर्दी सकाळची असते, कटाई पहाटे सुरू होते. रात्री वापर जवळजवळ नाही, पण पेमेंटच्या फाइल रात्रीच तयार होतात. निम्मी मंडळी गावाकडून येऊन-जाऊन करतात, यावल, चोपडा, धरणगाव. तिकडे लाईटचा भरवसा नाही.

---

सातपुडा_शहादा

ऑन-कॉलवर मी लिहिते, कारण सीनियर माणसं सगळ्यात जास्त इथेच झिजतात आणि ते दिसत नाही.

गूगलने त्यांच्या एसआरई (सेवा चालू ठेवण्याच्या) पद्धतीत लिहून ठेवलेल्या मर्यादा प्रसिद्ध आहेत: एका ठिकाणच्या टीमला पाळीसाठी निदान ८ माणसं, १२ तासांच्या पाळीत जास्तीत जास्त २ घटना आणि ऑपरेशनच्या कामाला एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त नाही. तुमच्याकडे नवे तिघं सोडले तर बरोबर ८ उरतात. आठही जणांना पाळीत घ्या. सीनियरना 'कायमचे दुसऱ्या फळीत' ठेवू नका, त्याचा अर्थ दर दुसऱ्या आठवड्याला रात्र त्यांचीच असा होतो.

एकेक आठवड्याची पाळी. दुसऱ्या फळीत मागच्या आठवड्याचा माणूस, कारण चालू भानगडी त्याला माहीत असतात. सोमवारी सकाळी १० ला बदल आणि १५ मिनिटं तोंडी हस्तांतर. सीनियरला रात्री उठवायचं फक्त तीन कारणांसाठी: डेटा गेला किंवा जाण्याची शक्यता आहे, शेतकऱ्याच्या पेमेंटची रक्कम चुकली आहे, किंवा रोलबॅक करूनही ३० मिनिटांत फरक पडला नाही. हे तीन नियम रनबुकच्या (बिघाडात काय करायचं त्या वहीच्या) पहिल्या पानावर. बाकी सगळ्याला 'सकाळी बघू' म्हणायची मुभा लेखी द्या, नाहीतर नवा माणूस घाबरून फोन करणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

गावाकडच्यांसाठी: ज्याची पाळी त्याच्या घरचा राउटर इन्व्हर्टरवर, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला हॉटस्पॉट कंपनीने द्यायचा. १५ मिनिटांत अलर्ट स्वीकारला नाही तर तो आपोआप दुसऱ्या फळीकडे जावा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ही सोय नाही, तिथे ११ जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाळीचा भत्ता द्या आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी. भत्ता नसलेली पाळी दोन महिन्यांत परत सीनियरच्याच अंगावर येते.

आता अलर्ट, कारण पाळी कितीही चांगली लावली तरी रोज ५० अलर्ट आले तर ती मोडते. प्रत्येक अलर्टला तीन गोष्टी हव्यात: कोणाला त्रास होतोय, आत्ता काय करायचं, रनबुकची लिंक. 'आत्ता काय करायचं' याला उत्तर नसेल तर तो फोनवर येता कामा नये. सीपीयू ८० टक्के, मेमरी ७० टक्के, पॉड एकदा रीस्टार्ट झाला, हे सगळे फोनवरून काढा. ग्राफ ठेवा, फोन नको.

फोनवर ठेवा ते असे. पावती बनवण्याच्या विनंत्यांतल्या ५ टक्क्यांहून जास्त १० मिनिटं सलग फसतायत. पेमेंट फाइलचं काम ठरलेल्या वेळेपेक्षा ४५ मिनिटं उशिरा चाललंय. डिस्क याच वेगाने २४ तासांत भरेल. शेवटचा यशस्वी बॅकअप २६ तासांहून जुना आहे. डेटाबेस लागत नाही. सर्टिफिकेटला २१ दिवस उरलेत हा अलर्ट दिवसा, तिकीट म्हणून.

यात रात्रीचा सापळा आहे. रात्री १२ ते ४ मध्ये समजा १० विनंत्या आल्या आणि एक फसली, तर दर झाला १० टक्के, आणि फोन वाजला. म्हणून दरासोबत 'निदान ५० विनंत्या' अशी अट जोडा. रात्रीसाठी दर पाच मिनिटांनी बनावट खात्यावर एक पावती बनवून बघणारी तपासणी ठेवा आणि ती सलग तीनदा फसली तरच उठवा. त्या बनावट पावत्या रिपोर्टमधून वगळायला विसरू नका, नाहीतर सकाळी हिशेब जुळत नाही.

अलर्टमॅनेजरमध्ये (प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणारा भाग) एका अलर्टने दुसरे दडपण्याचे नियम असतात. 'डेटाबेस लागत नाही' वाजला की नऊ सेवांचे अलर्ट गप्प झाले पाहिजेत. नाहीतर एका कारणाचे दहा फोन. उलट बाजूने, कायम वाजणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेकडे जाऊ द्या. तो थांबला म्हणजे प्रोमिथियसच मेलंय. ही एवढी एक गोष्ट नसेल तर शांतता म्हणजे सगळं ठीक की देखरेखच बंद, हे कळत नाही.

अजून एक, बघितलंच पाहिजे असं. लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही कुबरनेटीसची तपासणी) डेटाबेसला जाऊन विचारते का? स्प्रिंगचा सामान्य आरोग्य पत्ता (हेल्थ एंडपॉइंट) जसाच्या तसा लावला तर विचारते. मग डेटाबेस थोडा वेळ मंदावला की कुबरनेटीस अठराही पॉड मारतं, ते एकदम उठून एकदम कनेक्शन मागतात, आणि मंदावलेला डेटाबेस आडवा होतो. लाइव्हनेसने फक्त 'प्रोसेस जिवंत आहे का' एवढंच विचारावं. स्प्रिंगमध्ये लाइव्हनेस आणि रेडिनेसचे (विनंत्या घ्यायला तयार आहे का) वेगळे पत्ते तयार मिळतात, ते वापरा. एक्झिट कोड १३७ दिसला तर प्रोसेस बाहेरून मारली गेली, बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून. तिथे पुन्हापुन्हा रीस्टार्ट करून काही होत नाही, कंटेनरची मर्यादा आणि जावाच्या हीपचा (डेटासाठीच्या मेमरीचा) आकार जुळवावा लागतो. मर्यादेच्या ७० टक्के हीप ही चांगली सुरुवात, कारण थ्रेड आणि मेटास्पेस हीपच्या बाहेर जागा घेतात.

---

वाघूर_८ (जामनेर)

सर्टिफिकेटचं एक जोडतो. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांची असतात आणि संपत आल्याचा इशारा देणारे त्यांचे मेल जून २०२५ पासून बंद झाले आहेत. त्या मेलवर विसंबून असाल तर आता कोणी सांगणार नाही. विकतच्या सर्टिफिकेटची मुदतही उतरतेय: मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, मार्च २०२९ पासून ४७. हाताने बदलणं सोडून द्या, ती आपोआप बदलणारा सर्ट-मॅनेजर लावा.

पण मला मुख्य लिहायचंय ते मायग्रेशनबद्दल. डिप्लॉय सगळ्यांना खुलं केलं की पहिला मोठा अपघात इथेच होतो, आणि झाला की परवानगी परत दोघांकडे जाते. तो टाळला तर बाकीचं सगळं टिकतं.

पोस्टग्रेसमध्ये अल्टर टेबलच्या बहुतेक बदलांना पूर्ण टेबलचं लॉक लागतं. काम स्वतः मिलिसेकंदांचं असलं तरी आधी एखादी रिपोर्टची लांब क्वेरी चालू असेल तर ते तिच्या मागे थांबतं, आणि त्याच्या मागे पावतीची प्रत्येक साधी क्वेरी थांबते. सकाळी ८ ला हे झालं की काट्यावर गाड्यांची रांग. उपाय: मायग्रेशन चालवणाऱ्या यूजरला लॉक टाइमआउट ५ सेकंद ठेवा. लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन फसेल, पाइपलाइन लाल होईल, पण धंदा चालू राहील. दहा मिनिटांनी परत चालवा. इंडेक्स कायम 'कन्करंटली' पर्यायाने बनवा. तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे फ्लायवेमध्ये (मायग्रेशन चालवणारं साधन) ती फाइल वेगळी ठेवून तिच्यासाठी ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. मध्येच फसला तर निकामी इंडेक्स मागे राहतो, तो काढूनच पुन्हा प्रयत्न करायचा.

कॉलमचं नाव बदलायचं असेल तर एका डिप्लॉयमध्ये कधीच नाही. नवा कॉलम घाला, कोड दोन्हीकडे लिहू द्या, जुन्या ओळी ५,००० च्या तुकड्यांत भरा, मग वाचन नव्याकडे वळवा आणि जुना कॉलम पुढच्या आठवड्यात काढा. रोलिंग डिप्लॉयमध्ये जुने आणि नवे पॉड काही मिनिटं सोबत चालतात. जुना कॉलम लगेच काढला तर जुने पॉड फसतात, आणि रोलबॅकही फसतं, कारण जुन्या कोडला हवा असलेला कॉलमच शिल्लक नसतो.

हे नियम माणसाच्या लक्षात ठेवू नका, पाइपलाइनमध्ये घाला. स्क्वॉक नावाचं मोफत साधन मायग्रेशनची एसक्यूएल वाचून धोक्याच्या ओळी पकडतं. सीनियरच्या रिव्ह्यूतला मोठा भाग या अशाच ठरावीक सूचनांचा असतो, तो मशीनने केला तर त्यांचं डोकं पेमेंटच्या गणितासाठी उरतं.

---

केळीबाग_नाशिक

मूळची रावेरची, सध्या नाशिकला. मालकांसमोर काय मांडायचं यावर.

'आम्ही थकलो' हे खरं असलं तरी त्यावर निर्णय होत नाही. दोन आठवड्यांची शीट न्या आणि दोनच आकडे दाखवा: दोघा सीनियरचे मिळून आठवड्याचे किती तास मध्येच आलेल्या कामांत गेले, आणि त्यातले किती फक्त परवानगी नसल्यामुळे. त्या तासांच्या शेजारी काट्याच्या जोडणीचं अडलेलं काम ठेवा. मालकाला हिशेब कळतो, भाऊ. ज्याचा धंदा वजन-मापावर चालतो त्याला तर जास्तच.

मोजायचं काय, तर डिप्लॉय किती वेळा होतं, मर्जपासून प्रॉडक्शनपर्यंत किती वेळ, किती डिप्लॉय बिघडतात, बिघडलेलं किती वेळात सावरतं. पाचवा आकडा तुमच्यासाठी खास: सीनियरचा हात न लागता झालेले डिप्लॉय किती टक्के. हा वाढत नसेल तर बाकीचे चार कितीही छान दिसोत, भार हललेला नाही.

उपलब्धतेचं वचनही मालकांसोबत ठरवा. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद, ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तुमची रात्र जवळजवळ रिकामी आहे, त्यामुळे ९९.५ पुरेल असं मला वाटतं. ९९.९ हवं असेल तर त्याची किंमत माणसांच्या झोपेत मोजावी लागते, हे आकड्यासह समोर ठेवा.

आणि दोन मागण्या करा. पहिली, पाइपलाइन-अलर्ट-टेराफॉर्म या दहाव्या सॉफ्टवेअरला दर स्प्रिंटमध्ये नावाने तास, आणि ते काम सहांपैकी दोघांच्या नावावर, सीनियर फक्त सल्ल्याला. दोघं अशासाठी की एक पुण्याला गेला तरी दुसरा असतो. दुसरी, दर आठवड्याला एक जण 'ढाल': मध्येच येणारी प्रत्येक विचारणा आधी त्याच्याकडे. ऑन-कॉलवाल्यालाच दिवसा ढाल करा आणि त्या आठवड्यात त्याला फीचरचं काम देऊ नका. सीनियरकडे जायचं तर ढालीमार्फत आणि रोजच्या ठरलेल्या एका तासात, समजा दुपारी ३ ते ४.

स्पष्ट सांगा की पहिले सहा-आठ आठवडे फीचर कमी निघतील. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडतं. आणि मालक म्हणाले की एक डेव्हऑप्स इंजिनियर घेऊ, तर आत्ता नको म्हणा. परवानग्या तशाच असताना नवा माणूस आला तर दोघांऐवजी तिघांच्या दारात रांग लागते, आणि तो गेला की त्याने लिहिलेलं समजणारंही कोणी उरत नाही.

---

गिरणाकाठ (जळगाव)

ताई, ढालीची कल्पना पटली, सोमवारपासून लावतो. सगळ्यांचे आभार. एक राहिलं: डिप्लॉयचा रनर (गिटहबची कामं चालवणारा प्रोग्राम) ऑफिसातल्या एका मशीनवर आहे, गिटहबची मोजून मिळणारी मिनिटं वाचतात म्हणून. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की यूपीएस जेमतेम २० मिनिटं टिकतो. तो क्लाउडवर न्यावा की मोठी बॅटरी घ्यावी?

---

शेवभाजी_धुळे

बॅटरीवर पैसे घालू नका. रोलबॅक ज्या रनरवर चालतं तो ऑफिसच्या लाईटवर अवलंबून असणं सगळ्यात धोक्याचं. रनर बंद असेल तर काम नुसतं रांगेत थांबतं, २४ तासांनी फसतं, आणि तोवर स्क्रीनवर फक्त 'वाट बघतोय' दिसतं. गावाकडचा ऑन-कॉलवाला मोबाइलवरून रोलबॅक दाबून बसेल आणि काहीच होणार नाही.

डिप्लॉय आणि रोलबॅक गिटहबच्या स्वतःच्या रनरवर न्या. ही कामं दोन-तीन मिनिटांची असतात, प्लॅनमधल्या मोफत मिनिटांत बसतात. मिनिटं खातात ते बिल्ड आणि टेस्ट. ते ऑफिसातल्या मशीनवर राहू द्या, मेव्हन आणि डॉकरची कॅश तिथेच असल्याने ते पटकनही होतात. त्या मशीनवर प्रॉडक्शनची कुठलीही की किंवा क्यूबकॉन्फिग (क्लस्टरमध्ये शिरायची फाइल) उरली असेल तर काढून टाका. डिस्क भरू नये म्हणून रोज रात्री सात दिवसांहून जुन्या डॉकर इमेज साफ करणारा क्रॉन लावा, कारण अशा मशीनवरचं 'बिल्ड अडकलं' बहुतेक वेळा डिस्क भरल्यानेच असतं.